चार पावले बरोबरीने



केडगाव स्टेशनात दौंडकडची गाडी थांबली की आम्ही अधूनमधून उगाच फलाटावर उभे राहतो. माणसे पाहावीत एवढाच उद्योग. परवा पाहिले, एक कुटुंब उतरले. घरधनी पुढे, हात मोकळे, एक हात खिशात. त्याच्या मागे दहा-पंधरा पावलांवर बायको. कडेवर पोर, एका हातात कापडी पिशवी, दुसऱ्या हातात मोठ्या पोराचे मनगट. घरधन्याने फाटकापर्यंत एकदाही मागे वळून पाहिले नाही. फाटकापाशी थांबला आणि म्हणाला, ‘‘चल की लवकर, किती वेळ लावते!’’

यात त्या गृहस्थाची निंदा करण्याचा आमचा हेतू नाही. तो नवरा व्यसनी दिसत नव्हता, वाईटही दिसत नव्हता. आणि आम्हाला हसायचा अधिकारही नाही, कारण लग्नानंतर तीस वर्षे आम्हीही अगदी तसेच चाललो. बाजाराला, जयंतीला, मयताला, दवाखान्यात, सगळीकडे आम्ही पुढे आणि आमच्या मंडळी मागे. त्यांच्या चपलेचा आवाज येत राहिला की त्या येत आहेत एवढे आम्हाला कळे. त्यापलीकडे काही कळावे असे कधी वाटलेच नाही.

आज आम्ही लिहिणार आहोत ते नवरा-बायकोने मिळून डोंगर चढण्याविषयी. विषय वाचून काही बंधू हसतील हे ठाऊक आहे. डोंगर चढणे ही पुण्याच्या पोरांची हौस. पाठीवर सॅक, पायात महागडे बूट, हातात काठी. जो माणूस दिवसभर उसाच्या फडात मोळ्या वाहतो, जी बाई कांद्याच्या वखारीत सकाळपासून पायावर पाय दुमडून बसते, त्यांना रविवारी आणखी चालायला सांगणारा हा कोण शहाणा? आमच्या आईने 1972 च्या दुष्काळात रस्त्याच्या कामावर खडी फोडली. तीन कोस चालत जायचे, तीन कोस चालत यायचे, आणि मिळालेली सुकडी पदरात बांधून आणायची. तिला कुणी ‘चला, जरा डोंगरावर फिरून येऊ’ म्हटले असते तर तिने त्याच्या तोंडाकडे पाहिले असते. आपल्या लोकांचे चालणे हे नेहमी कुणाच्या तरी कामासाठीचे चालणे. वेठीचे, मजुरीचे, पोटाचे. म्हणूनच आमचे म्हणणे आहे की एकदा तरी कुणाच्या कामासाठी नव्हे, स्वतःच्या मर्जीने चालून पाहावे. पाय तेच असतात, पण फरक पडतो. कसा पडतो ते आमच्या घरातल्या गोष्टीवरून सांगतो. गोष्ट थोडी लाजिरवाणी आहे, पण कुटुंबाच्या पानावर सांगायची नाही तर कुठे सांगायची?

2018 सालच्या पावसाळ्यात आमचे काम सुटले. कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात आम्ही तीन पाळ्यांत काम करत होतो. ठेकेदार बदलला आणि जुन्या माणसांना एका सकाळी फाटकावरूनच परत पाठवले. वय पन्नाशीच्या पुढे. नवीन काम कोण देणार? घरी येऊन सांगायचे धाडस झाले नाही. मग आम्ही एक मूर्खपणा केला. रोज ठरल्या वेळी डबा घेऊन घराबाहेर पडायचो, गाडीने दौंडला जायचो आणि फलाटावर बाकड्यावर बसून राहायचो. दुपारी तिथेच डबा खायचो. पाळी सुटायच्या वेळेला घरी. असे पंधरा-सोळा दिवस चालले. मग पगाराची तारीख आली आणि आम्ही घरात ‘काम सुटले’ एवढेच सांगितले. ते पंधरा दिवस कुठे होतो ते सांगितले नाही.

त्यानंतर घरात बोलणे थांबले. भांडण नव्हे. भांडण झाले असते तर बरे झाले असते. ‘जेवायला वाढू का?’, ‘वाढ’, ‘गॅस संपलाय’, ‘बघतो’ एवढ्यावर संसार चालू होता. आमचे घर दोन खोल्यांचे. एकीत मुलगा आणि सूनबाई, दुसरीत आम्ही दोघे, आमची म्हातारी आणि मधे टीव्ही. ज्यांची घरे अशी आहेत त्यांना सांगायला नको की दोन खोल्यांच्या घरात नवरा-बायकोला बोलायला जागा नसते. रात्री कुजबुजले तर म्हातारी विचारते, काय झाले? मोठ्याने बोलले तर शेजार ऐकतो. असे करत करत माणूस बोलायचेच सोडून देतो.

दिवाळीच्या आधी मंडळींना चक्कर आली. सरकारी दवाखान्यात रक्त तपासले, साखर निघाली. डॉक्टरबाईंनी त्यांना गोळ्या दिल्या आणि आमच्याकडे पाहून म्हणाल्या, ‘‘यांना रोज पाऊण तास चालवा. एकट्या जाणार नाहीत, तुम्ही सोबत जा.’’ आम्हाला काम नव्हतेच. दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो, कालव्याच्या फाट्याच्या कडेने.

पहिला दिवस कसा गेला ते ऐका. आम्ही सवयीप्रमाणे पुढे. बरेच अंतर गेल्यावर मागे चपलेचा आवाज येईनासा झाला म्हणून वळलो, तर रस्ता मोकळा. घाबरून उलटे पळत आलो. मंडळी घरी पोहोचून चुलीपाशी बसल्या होत्या. आम्ही रागावून विचारले, ‘‘न सांगता परत आलीस?’’ त्या शांतपणे म्हणाल्या, ‘‘तुमच्या मागंच चालायचं हुतं, तर घरातल्या घरात काय वाईट हुतं?’’

दुसऱ्या दिवशी आम्ही शेजारी चाललो. वाचकहो, हे वाटते तितके सोपे नाही. आमचे पाऊल लांब, त्यांचे आखूड. दर मिनिटाला आम्ही पुढे निघून जायचो आणि थांबायचो. थांबलो की त्यांना वाटे आम्ही वैतागलो. आठ-दहा दिवसांनी कुठे पाऊल जुळले. पुढे वाचनात आले की अमेरिकेत सिएटल शहरातल्या एका विद्यापीठात संशोधकांनी नेमके हेच तपासले होते, 2013 साली. पुरुष आणि स्त्रिया एकेकटे चालवले, मित्रांबरोबर चालवले, आणि प्रेमाच्या जोडीदाराबरोबर चालवले. पुरुष मित्रांबरोबर चालताना आपला वेग फारसा सोडत नव्हते. जोडीदार बरोबर असली की मात्र ते आपला वेग कमी करून तिच्या पावलाशी जुळवून घेत होते. प्रयोग लहानच होता, वीस-बावीस माणसांचा. आणि तिकडचे पुरुष जे आपोआप करतात ते शिकायला आम्हाला दहा दिवस लागले, हेही कबूल करतो.

पाऊल जुळले तरी तोंड उघडले नव्हते. ते उघडले कार्ल्याच्या पायऱ्यांवर.

त्या वर्षी 25 डिसेंबरला आमच्या विहाराच्या महिला मंडळाची माणसे देहूरोडला निघाली. 1954 साली याच तारखेला बाबासाहेबांनी देहूरोडच्या विहारात बुद्धमूर्तीची स्थापना केली, म्हणून दर वर्षी तिथे गर्दी लोटते. 25 डिसेंबर 1927 ला महाडला मनुस्मृती जाळली, तीही हीच तारीख. वंदना झाली, भोजन झाले. बाकीची मंडळी पुण्याकडे परतली. आम्ही दोघे फलाटावर उभे असताना लोणावळ्याची लोकल आली. मंडळी म्हणाल्या, ‘‘कार्ल्याची लेणी इथनं लांब हाय का?’’ आयुष्यभर ज्या बाईने ‘मला अमुक ठिकाणी जायचे आहे’ असे म्हटले नाही, ती हे बोलली. आम्ही काही न बोलता लोकलमध्ये चढलो.

मळवलीला उतरून हमरस्ता ओलांडून कार्ल्याच्या पायथ्यापर्यंत तास-सव्वा तास लागला. पुढे पायऱ्या, साडेतीनशेच्या आसपास. एकवीरेच्या भक्तांची रीघ, प्रसादाची दुकाने, सरबतवाले. निम्म्या पायऱ्या चढल्यावर मंडळींना दम लागला. त्या कठड्याला टेकल्या. आम्ही सहज त्यांच्या खांद्यावरची पिशवी घेतली, आणि चकित झालो. पिशवी चांगली पाच-सहा किलो भरली असेल. आत पाण्याच्या दोन बाटल्या, डबा, सतरंजी, त्यांच्या गोळ्या, आमच्या गोळ्या, आमचा मफलर, आमची बंडी आणि म्हातारीसाठी देहूरोडला घेतलेले फोटोफ्रेम. पिशवीतले निम्मे सामान आमचे होते. पहाटे पाच वाजल्यापासून ते त्यांच्या खांद्यावर होते आणि आम्ही हात हलवत फिरत होतो. तीस वर्षांत ती पिशवी पहिल्यांदा आमच्या खांद्यावर आली.

वर जाताना मंडळी पुढे पाहत बोलायला लागल्या. आमच्याकडे पाहत नव्हत्या. म्हणाल्या, ‘‘तुमचं काम गेलं तवा मला ठावं हुतं. गावातल्या एकानं तुम्हाला दौंडाच्या फलाटावर बघितलं हुतं. मी काय बोलले न्हाई.’’ आमचे पाय तिथेच थांबायला लागले. त्या म्हणाल्या, ‘‘चला, थांबू नका, थांबल्यावर मला बोलता यायचं न्हाई.’’

मग सगळे बाहेर आले. आम्ही फलाटावर बसत होतो त्या दिवसांत त्या बहिणीकडे जाते सांगून कांद्याच्या वखारीत निवडायला जात होत्या. धाकट्याची आयटीआयची फी भरायची होती, त्यासाठी कानातली फुले सोनाराकडे गहाण ठेवली होती. वर बचत गटाचे कर्ज. आम्हाला कमीपणा वाटू नये म्हणून आम्हाला सांगितले नाही. आम्हाला कमीपणा वाटतो म्हणून आम्ही सांगितले नव्हते. एकाच घरात दोघे एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होतो. आम्ही विचारले, ‘‘मग फुलं कुठंयत विचारलं असतं मी, तर?’’ त्या म्हणाल्या, ‘‘तुम्ही कवा माझ्या कानाकडं बघितलं?’’

हे संभाषण घरात झाले असते तर काय झाले असते याचा आम्ही पुष्कळ विचार केला. आमचा अंदाज असा की झालेच नसते. घरात समोरासमोर बसले की तोंडे दिसतात. आपले बोलणे ऐकताना समोरच्याच्या कपाळाला आठी पडली की बोलणारा गप्प होतो. चढावर दोघांचीही नजर पुढच्या पायरीवर असते. दम लागल्यामुळे वाक्ये लहान होतात, लांबलचक आरोप करता येत नाहीत. मधेच थांबले तर कुणी म्हणत नाही की गप्प का झालास. दम लागलाय एवढेच समजते. आणि ऐकायला सासू नाही, सून नाही, शेजार नाही. ज्यांना बंगल्यात स्वतंत्र खोली आहे त्यांचे ठाऊक नाही, पण दोन खोल्यांच्या संसाराला डोंगर ही तिसरी खोली आहे.

वर पोहोचलो. कार्ल्याचे चैत्यगृह ज्यांनी पाहिले नाही त्यांनी ते अवश्य पाहावे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे, सव्वाशे फूट लांब, सबंध डोंगर पोखरून केलेले. वरच्या कमानीतल्या लाकडी फासळ्या आजही जागेवर आहेत. तिथल्या शिलालेखांत दान देणाऱ्यांची नावे आहेत, आणि ती राजे-महाराजांचीच आहेत असे नाही. एका सुताराचे नाव आहे, एका सुगंधी द्रव्ये विकणाऱ्याचे आहे, भिक्षुणींची आहेत, गृहस्थांच्या घरच्या स्त्रियांचीही आहेत. पण त्या दिवशी आम्ही दोघे सर्वांत जास्त वेळ उभे राहिलो ते दर्शनी भिंतीपुढे. तिथे दगडात जोडपी कोरली आहेत, पुरुषभर उंचीची. अंग भरलेले, दागिन्यांनी नटलेले, हसतमुख. कुणी एकमेकांच्या खांद्यावर हात टाकलेला. आत खांबांच्या माथ्यावर हत्ती बसलेले आहेत आणि त्यांच्या पाठीवरही जोडीजोडीने माणसे आहेत. भिंतीवर मधे मधे बुद्धमूर्ती आहेत, त्या काही शतकांनंतर कोरल्या गेल्या; जोडपी मात्र पहिल्यापासूनची. मंडळी बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, ‘‘ह्यातली एक पण बाई मागं न्हाई.’’

खरेच नाही. दोघेही एका रेषेत उभे आहेत. भिक्षूंच्या वंदनेच्या जागी, दारातच, गृहस्थी जोडप्यांना जागा दिली आहे, आणि ती बरोबरीची दिली आहे. सिगालोवाद सुत्तात भगवंतांनी नवऱ्याची पत्नीविषयीची पाच कर्तव्ये सांगितली आहेत : तिचा मान राखणे, तिचा अपमान न करणे, तिच्याशी एकनिष्ठ राहणे, घरचा कारभार तिच्या हाती देणे आणि तिला दागिने देणे. विहारात हे आम्ही अनेकदा ऐकले होते. त्या दिवशी गहाण पडलेल्या फुलांची गोष्ट ताजी असल्यामुळे पाचवे कर्तव्य आठवून आम्ही खाली मान घातली. नागपूरला 20 जुलै 1942 रोजी महिलांच्या परिषदेत बाबासाहेबांनी मुलींना सांगितले होते की लग्नानंतर नवऱ्याची मैत्रीण म्हणून, त्याच्या बरोबरीने उभे राहा, त्याची दासी होऊ नका. भाषणे पाठ असणारे आमच्यासारखे पुष्कळ आहेत. फलाटावर उतरल्यावर पुढे चालणारेही आम्हीच.

आता शास्त्र काय म्हणते तेही थोडे पाहू. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ आर्थर एरन यांनी लग्नाच्या जोडप्यांवर बरीच वर्षे काम केले. 1993 सालच्या त्यांच्या अभ्यासात 53 जोडपी होती. काहींना सांगितले की दहा आठवडे, दर आठवड्याला दीड तास, दोघांनी मिळून काहीतरी नवे, थोडे अंगावर काटा आणणारे करा. काहींना सांगितले की नुसते सुखाचे, सवयीचे काहीतरी करा. दहा आठवड्यांनी पहिल्या गटातली जोडपी आपल्या संसाराबद्दल जास्त समाधानी निघाली. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तर त्यांनी गंमतच केली. नवरा-बायकोचे मनगट आणि घोटे एकमेकांना पट्ट्याने बांधले, दोघांच्या अंगांमध्ये एक उशी धरायला लावली, हात न लावता, आणि गादीवरून रांगत पलीकडे जायला सांगितले. सात मिनिटांचा खेळ. आपल्या शाळेतली तीन पायांची शर्यत आठवावी. त्या जोडप्यांचे नंतरचे बोलणे तपासले, तर साधा कंटाळवाणा खेळ खेळलेल्या जोडप्यांपेक्षा ती एकमेकांशी जास्त आपुलकीने बोलत होती. म्हणजे नुसते जवळ बसून टीव्ही पाहिल्याने जे होत नाही, ते दोघांनी मिळून एखादी अडचण पार केल्याने होते. डोंगरावर उशीची गरज नाही. निसरडी पायरी, उतारावरची माती, हात देऊन ओढून घेणे, हे सगळे तिथे फुकट मिळते.

आमच्या केडगावात हे सांगताना एका जोडप्याची आठवण काढली नाही तर चूक होईल. पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आपल्या गावात आहे. 1896-97 च्या दुष्काळात निराधार झालेल्या बायका-मुलींना त्यांनी इथे आसरा दिला. ते सर्वांना ठाऊक असते. रमाबाईंच्या आईवडिलांबद्दल मात्र फार थोडे बोलले जाते. अनंतशास्त्री डोंगरे यांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवले. बाईने संस्कृत शिकणे म्हणजे त्या काळी पापच. जातभाईंचा विरोध झाला तेव्हा ते दोघे कर्नाटकात गंगामूळच्या रानात जाऊन राहिले. तिथेच 1858 साली रमाबाई जन्मल्या. पुढे हे कुटुंब पुराणे सांगत, तीर्थे करत, वर्षानुवर्षे देशभर पायी फिरले, आणि त्या वाटेवरच आईने मुलीला शिकवले. 1874 च्या सुमारास दुष्काळात, उपासमारीत आईवडील दोघेही गेले. त्यानंतर रमाबाई आणि त्यांचा भाऊ चालत चालत 1878 मध्ये कलकत्त्याला पोहोचले. त्यांचे चालणे हौसेचे नव्हते, आणि ज्या तीर्थांवर श्रद्धा ठेवून ते चालले त्यांनी त्यांना भाकर दिली नाही. पण नवऱ्याने शिकवलेली आणि नवऱ्याबरोबर चाललेली ती बाई मुलीला जे देऊन गेली, त्याच्यावरच आमच्या गावचे नाव पुढे जगाला कळले.

आणि बिहारचे दशरथ मांझी. गया जिल्ह्यातल्या गेहलौरचे, मुसहर समाजाचे मजूर. डोंगराच्या अवघड वाटेने त्यांची पत्नी फाल्गुनीदेवी जेवण घेऊन येत असे. त्या वाटेवर तिला इजा झाली, दवाखाना डोंगराच्या पलीकडे, ती वाचली नाही. मांझींनी हातोडा आणि छिन्नी घेऊन 1960 पासून 22 वर्षे तो डोंगर एकट्याने फोडला आणि रस्ता केला. 2007 साली ते वारले. त्यांची गोष्ट ऐकून सगळे नवऱ्याच्या प्रेमाचे कौतुक करतात. आमच्या मंडळी म्हणाल्या, ‘‘आधी दोघं बरूबर त्या वाटंनं गेली असती, तर?’’ आम्ही सांगितले की गरीब मजुराला तशी सवड कुठली. त्या काही बोलल्या नाहीत.

हौसेच्याही दोन जाती असतात, हे जाता जाता सांगतो. 2016 साली पुण्यातल्या एका पोलीस जोडप्याने आपण दोघांनी मिळून एव्हरेस्ट सर केल्याचे जाहीर केले. फोटो छापून आले, सत्कार झाले. पुढे ते फोटो बनावट ठरले, नेपाळ सरकारने त्यांच्यावर दहा वर्षांची बंदी घातली आणि पुढच्या वर्षी नोकरीही गेली. लोकांना दाखवायला चढलेला डोंगर संसाराच्या काय कामाचा? केडगावच्या माणसाला एव्हरेस्ट नको. यवतजवळचा भुलेश्वराचा डोंगर पुरे. काही बांधव म्हणतील, तिथे देऊळ आहे. असू द्या. तिथली जुनी कोरीव शिल्पे पाहावीत, हवा खावी आणि खाली यावे; डोंगर कुणाच्या मालकीचा नाही.

एक गोष्ट मात्र स्पष्ट लिहिली पाहिजे. ज्या घरात मारहाण आहे, दारू पिऊन धिंगाणा आहे, त्या घरातल्या बाईला ‘नवऱ्याबरोबर डोंगरावर जा, सगळे ठीक होईल’ असे कुणी सांगू नये. तिथे 2005 चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा आहे, 181 हा महिलांसाठीचा मदतीचा क्रमांक आहे, विहारातल्या बायका आहेत. आम्ही जे लिहीत आहोत ते अबोल झालेल्या संसारांसाठी, मोडलेल्या हातांसाठी नाही.

ज्यांना जायचे आहे त्यांच्यासाठी थोडी माहिती. केडगावहून सकाळच्या गाडीने पुणे, तिथून लोणावळा लोकलने मळवली. मळवलीहून एका बाजूला कार्ले, दुसऱ्या बाजूला भाजे. भाज्याची चढण कमी आहे. गुडघे दुखणाऱ्यांनी तिथून सुरुवात करावी. तिथे 14 दगडी स्तूप एका ठिकाणी आहेत, पाच आत आणि नऊ बाहेर. दुपारी लोकल कमी असतात, परतीची वेळ आधी विचारून ठेवावी. छातीत दुखले, चक्कर आली तर शौर्य न दाखवता बसावे. साखरेचा आजार असलेल्यांनी उपाशी चढू नये, खिशात गुळाचा खडा ठेवावा. आपल्याकडे गुऱ्हाळे आहेत, गुळाला तोटा नाही. पावसाळ्यात धबधब्याच्या वाटेला जाऊ नये. 2024 च्या जूनअखेरीस लोणावळ्याला भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, हे विसरू नये. नवे बूट नकोत, पण चप्पल निसरडी नको. आणि पिशवी दोन करा. एकच केली तर ती कुणाच्या खांद्यावर जाईल हे सांगायला नको.

भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा, एवढे पुरते. त्या दिवशी कार्ल्याच्या अंगणात बसून आम्ही देहूरोडच्या भोजनातली उरलेली बुंदी आणि घरची भाकर खाल्ली. डबा मंडळींनी उघडला, वाढले आम्ही. एका शाळकरी मुलाने आमच्याकडे पाहून त्याच्या आईला काहीतरी सांगितले आणि ती हसली. आम्हाला थोडी लाज वाटली, हे खोटे कशाला सांगू.

कानातली फुले सोडवायला पुढे चौदा महिने लागले. आम्हाला एका गोदामात रात्रीच्या राखणीचे काम मिळाले, मंडळींनी वखारीतले काम चालूच ठेवले, आता लपवून नव्हे. बचत गटाचा शेवटचा हप्ता त्यांनीच भरला. मधल्या टाळेबंदीच्या काळात, 2020 साली, आम्हाला बाहेर पडता येत नव्हते तेव्हा म्हातारी म्हणायची, ‘‘तुमी दोघं अंगणात येरझाऱ्या घालून काय बोलता रं एवढं?’’ ती आता नाही.

भाजे झाले, बेडसे झाले. लोहगड राहिला आहे. 2025 साली तो जागतिक वारशाच्या यादीत गेला, तेव्हापासून मंडळी मागे लागल्या आहेत. पायऱ्या बऱ्याच आहेत आणि आमचा डावा गुडघा सध्या कुरकुरतो. त्यांचे म्हणणे, थंडी पडली की जायचे. पाऊल आखूड टाकायचे, त्या थांबतील.